सुकवारोचं आभारप्रदर्शन

आजकाल आमच्या जबलपुरात, ओमतीच्या चौकात, दर महिन्याला एक नवा ‘उगवता नेता’ उगवतो. दिव्याच्या खांबाला बांधलेला, हात जोडलेला, आणि पाऊस पडला की एका कानाकडून लोंबणारा. सूर्य बिचारा दिवसातून एकदाच उगवतो, तेही एकाच दिशेला. हे लोक मात्र प्रत्येक खांबावर उगवलेले असतात. असा फलक दिसला की मला आमची सुकवारो आठवते. तिचा फलक कधी कुणी लावला नाही. लावला असता, तर तिनं तो काढून नेऊन कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला असता, आणि वर लावणाऱ्याला सांगितलं असतं की कापड बरं आहे, पुढच्या वेळी जरा मोठा लावा.

सुकवारो टेकाम. शुक्रवारी जन्मली म्हणून सुकवारो. आमच्याकडे बारसं म्हटलं की पंचांग, पत्रिका, आत्या आणि त्या आत्याचा रुसवा. तिच्या गोंडांत आज वार कोणता एवढं विचारलं की बारसं उरकलं. घराणं इथलंच. म्हणजे कुठलं, तर आमच्या कारखान्याच्या क्वार्टरांखालचं. कोणता कारखाना ते विचारू नका. जबलपुरात डोळे मिटून दगड भिरकावला तरी तो कुठल्यातरी कारखान्याच्या भिंतीलाच लागतो.

आम्ही मराठी मंडळी नागपूर, वर्धा, अमरावतीकडून नोकरीसाठी इथं आलो, आणि आल्यापासून एक वाक्य पाठ करून बसलो: “आम्ही आलो तेव्हा इथं काहीच नव्हतं बरं का! नुसतं जंगल!” लग्नात, मुंजीत, हळदीकुंकवात, हे वाक्य झाल्याशिवाय चहा पुढं येत नसे. सुकवारो लहानपणी आईबरोबर क्वार्टरांत जळाऊ लाकडं विकायला यायची. एकदा आमच्या हेडक्लार्कांच्या सत्यभामाबाईंच्या मागच्या दारात तिनं हे वाक्य ऐकलं आणि शांतपणे म्हणाली, “काकू, तुमची मोरी आहे ना, तिथं माझ्या आजीची चूल होती.”

सत्यभामाबाईंनी त्या दिवशी लाकडं घेतली नाहीत. पण म्हणतात की त्यानंतर कितीतरी दिवस त्या मोरीत पाय ठेवताना आधी मनातल्या मनात नमस्कार करायच्या.

मराठी ती अशी मागच्या दारांतून शिकली. भाव करायची भाषा आधी, टोमणे नंतर, आणि व्याकरण राहिलंच. शाळा आठवीपर्यंत झाली. पुढं कारखान्यात मालाचं काम वाढलं तशा पॅकिंग सेक्शनला बाया घेऊ लागले, त्यात ती लागली. तिथला सुपरवायझर मोठा समदर्शी माणूस. सगळ्या गोंड बायांना तो एकाच नावानं हाक मारी, “ए जंगल!” कुणाला वाईट वाटू नये म्हणून सगळ्यांना सारखंच.

एके दिवशी त्यानं “ए जंगल, खोका उचल” म्हटलं आणि ओळीतली एकही बाई हलली नाही. त्यानं पुन्हा हाक मारली. बाया खाली मान घालून आपल्या कामात. तो सुकवारोजवळ येऊन ओरडला, तर ती म्हणाली, “साहेब, जंगलाला बोलवून राहिले ना? ते तर तुम्ही कापलं. आम्ही इथं नावाच्या बाया आहोत.”

त्या दिवसापासून बिचाऱ्याला नावं पाठ करावी लागली. तीही वारांची. तो “सोमवती!” म्हणे आणि ओळीतून तीन बाया उठत. “बुधिया!” म्हणे तर दोन. आठवड्याभरात त्याची दशा अशी झाली की घरी बायकोनं आज वार कोणता विचारलं तरी तो दचकायचा. याला आता शहाणी माणसं सक्षमीकरण का कायसं म्हणतात. आमच्या वेळी त्याला नुसतं ‘लई बोलते ती’ असं म्हणत.

तर आता झाडाकडे येतो, कारण सगळी गंमत झाडाची आहे.

क्वार्टरांच्या शेवटच्या ओळीमागं, कारखान्याच्या भिंतीच्या अलीकडे, एक जुना साजा उभा होता. साजा म्हणजे आपल्याकडचा ऐन. साल अशी भेगाळलेली, की मगर शेपटीवर उभी केल्यासारखी. या झाडात गोंडांचा बडादेव राहतो. मूर्ती नाही, कळस नाही, घंटा नाही, दानपेटी नाही. आता दानपेटी नसलेला देव मराठी माणसाच्या नजरेस पडावा तरी कसा? सुकवारोची माणसं ठरलेल्या दिवशी यायची, खाली गोल बसायची, धूप घालायची. त्यांची रीत अशी की या देवावर छप्पर घालायचं नाही. तो उघड्या आभाळाखालचा. आणि नवा भात निघाला की आधी त्याला दाखवायचा, तोवर घरात कुणी नवा दाणा तोंडात टाकायचा नाही. त्या सणाला ते नवाखाई म्हणतात.

माझ्या क्वार्टरची मागची खिडकी नेमकी त्या झाडावर उघडायची, म्हणून मला हे सगळं ठाऊक. माझी बायको अनसूया म्हणायची, “गज झिजून जातील त्या खिडकीचे, तुमच्या नजरेनं!” झिजले नाहीत. सरकारी होते.

पासष्टच्या सप्टेंबरात लढाई पेटली. खिडक्यांना काळे कागद लागले, भोंगा वेळी-अवेळी वाजू लागला, पाळ्या लांबल्या. आणि भय्यासाहेबांना बहर आला. भय्यासाहेब म्हणजे आमचे हेडक्लार्क. गणेशमंडळाचे अध्यक्ष, भजनीमंडळाचे अध्यक्ष, आणि लढाई लागल्याबरोबर ब्लॅकआउट समितीचे अध्यक्ष. घरात मात्र ते साधे सभासद. तिथलं अध्यक्षपद सत्यभामाबाईंकडे होतं आणि तिथं निवडणुका होत नसत.

अंधारात ट्रक झाडांवर आदळू नयेत म्हणून भय्यासाहेबांच्या समितीनं रस्त्याकडेच्या झाडांना चुन्याचे पांढरे पट्टे मारून घेतले. त्याच सुमारास लढाईचा माल ठेवायला नवी शेड बांधायचं ठरलं, आणि शेडच्या आड येणारी झाडं कापायचं काम एका ठेकेदाराला मिळालं. त्याचा मुकादम डबा घेऊन आला आणि कापायच्या झाडांवर लाल रंगाचा एकेक फटकारा मारत गेला. पांढरा पट्टा म्हणजे जगा, लाल फटकारा म्हणजे मरा, असा सोपा हिशेब. साजाला लाल लागला. छातीच्या उंचीवर, हाताच्या पंजाएवढा. शुक्रवारची दुपार होती. मी खिडकीत होतो. पाळी सुटून येणारी सुकवारो रस्त्यात होती. आम्ही दोघांनी पाहिलं. ती घराकडे न जाता तडक आपल्या मंगलूकाकाकडे पळाली.

इकडे शनिवार उजाडला. आता हा वार ध्यानात ठेवा, कारण हाच फटकारा मंगळवारी उजेडात आला असता तर गणपती निघाला असता. सत्यभामाबाई पूजेची फुलं तोडायला बाहेर पडल्या, म्हणजे नेहमीप्रमाणे दुसऱ्यांच्या कुंपणावरची, आणि त्यांना झाडाच्या खोडावर लाल लाल काहीतरी दिसलं. मराठी माणसाला लाल रंग फासलेला दगड दिसला की त्याचे हात आपोआप जुळतात, विचार नंतर येतो, बहुतेक वेळा येतच नाही. शेंदूर! शनिवार! स्वयंभू मारुती!

सकाळी हळदकुंकू लागलं. दुपारपर्यंत नारळ फुटले. तिसऱ्या प्रहरी कळलं की मारुती सत्यभामाबाईंच्या स्वप्नात आधीच येऊन गेला होता, फक्त त्यांना तो दिराच्या रूपात दिसल्यामुळे ओळखला नव्हता. संध्याकाळी कुणीतरी चांदीचे डोळे आणून चिकटवले आणि मुकादमाचा फटकारा आमच्याकडे टकमक पाहू लागला.

सोमवारी ठेकेदाराची माणसं करवती घेऊन आली तेव्हा झाडाभोवती बायांची फळी. मुकादम पुढं आला, त्यानं आपलाच रंग पाहिला, त्यातले डोळे पाहिले, सत्यभामाबाईंचे डोळे पाहिले, आणि करवत खाली ठेवून हात जोडले. “हमको क्या मालूम था, माताजी!”

स्वतःच्या हातानं मारलेल्या फटकाऱ्याला नमस्कार करणारा भक्त मी तरी तेवढा एकच पाहिला.

तुम्ही म्हणाल, सुटलं की मग! झाड वाचलं. मंगलूकाकाही तेच म्हणत होता. त्यानंतरच्या रविवारी गोंडांची बैठक बसली, पण झाडाखाली नव्हे, कारण तिथं आरती चालली होती. बसली माझ्या खिडकीखाली, कुंपणाला टेकून. त्यांच्या बैठकीची एक रीत आहे. प्रत्येकानं बोलायचं, म्हातारीनंही, आणि ज्यानं विषय आणला त्यानं सगळ्यांत शेवटी. त्याच्यानंतर कुणी तोंड उघडायचं नाही. आमच्या मंडळाच्या सभेत हा नियम लावला असता तर सभाच भरली नसती, कारण सगळे एकदम बोलतात आणि शेवटी उरतो फक्त चिवडा.

“बेटी, चुप राह,” मंगलूकाका म्हणाला. “लाल रंगानं वाचवलं, तर लाल रंगाला राम राम. सांगशील की हा कापायचा रंग आहे, तर उद्या कापून टाकतील.”

तिची आजी कपाळाला हात लावून बसली होती. “आणि नवा भात कुणाला दाखवू मी? त्या चांदीच्या डोळ्यांना? वर ते छप्पर घालून राहिले. छपराखाली बडादेव बसते का?”

सगळ्यांचं झाल्यावर सुकवारो बोलली. “रंग राहिला तर झाड वाचते, देव जाते. रंग पुसला तर देव राहते, झाड जाते. मला दोन्ही पाहिजे.” मग आजीकडे पाहून, “कसं ते आज नाही माहीत. पण मागीन दोन्ही.”

बैठक उठली. मीही खिडकीतून उठलो, कारण अनसूया मागं लाटणं घेऊन उभी होती, पोळ्या करायला म्हणा.

भय्यासाहेबांनी एव्हाना मारुतीला समिती दिली होती. टिनाचं छप्पर, लोखंडी कठडा, खाली फरशी, आणि वर पाटी: श्री साजेश्वर मारुती संस्थान. पाटीवर मारुतीच्या नावापेक्षा अध्यक्षांचं नाव थोडं मोठं होतं, पण ते लांबून वाचता यावं म्हणून, असं त्यांचं म्हणणं. उद्घाटनाला कारखान्याचे मोठे साहेब येणार होते. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भय्यासाहेबांच्या व्हरांड्यात चहाला बसलेलो असताना सुकवारो आली.

“भय्यासाहेब, ते आमच्या बडादेवाचं ठिकाण आहे. छप्पर नका घालू.”

“अगं, बडादेव काय नि मारुती काय, देव एकच असतो,” भय्यासाहेब बशीत चहा ओतत म्हणाले. “समिती तेवढी वेगळी असते.”

“मग समितीत आम्हाला घ्या.”

“घेतलं की! सामावून घेऊन राहिलो ना तुम्हाला! उद्घाटनाला तुमचा नाच ठेवला आहे. मोठ्या साहेबांना आवडते.”

“आम्ही मरणाला नाचतो, लग्नाला नाचतो, टिनाला नाही नाचत. मला बोलायचं आहे.”

मी बशी खाली ठेवली. भय्यासाहेबांच्या डोळ्यांत मात्र एकदम चमक आली. ती मला ओळखीची होती, गणपतीत पाहुणा मिळाला की यायची. “बोलायचं? तू? अरे वा! आदिवासी समाजाचं उगवतं नेतृत्व! साहेब खूश होतील!” ते बोटांवर मोजू लागले. “स्वागत माझं. प्रास्ताविक माझं. साहेबांचं भाषण साहेबांचं. अध्यक्षीय माझं... अगं, जागाच नाही उरली की! हां, आभारप्रदर्शन आहे.”

आता ज्यांनी मराठी कार्यक्रम पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आभारप्रदर्शन म्हणजे कार्यक्रमाचा तो भाग, ज्यात एक माणूस बोलत असतो आणि बाकीचे चपला शोधत असतात. ज्याला काहीच द्यायचं नसतं पण नाराजही करायचं नसतं, त्याला ते देतात. पिढ्यान्‌पिढ्या मराठी समाजानं असे कितीतरी नाराज लोक आभारावर वाटेला लावले आहेत.

“ते शेवटी असते ना?” सुकवारोनं विचारलं.

“अगदी शेवटी.”

“त्याच्यानंतर कोणी बोलत नाही?”

“त्याच्यानंतर चहा असतो.”

“चालेल मला,” ती म्हणाली आणि हसली. भय्यासाहेबांना वाटलं उपकाराच्या ओझ्यानं हसली. लगेच शिकवणी सुरू झाली. “म्हण, मी आपली अत्यंत ऋणी आहे.”

“मी आपली अत्यंत ऋणी आहे. ऋणी म्हणजे?”

“म्हणजे आमचे तुझ्यावर उपकार आहेत.”

“अच्छा,” सुकवारो म्हणाली.

लढाई तोवर थांबली होती, पण शेडचं काम थांबलं नव्हतं. दसरा झाल्यावरच्या रविवारी सकाळी उद्घाटन झालं. खांब रोवलेले, टिनाचे पत्रे अर्धे चढवलेले, उरलेले बाजूला रचलेले. पुढच्या रांगांत आम्ही, कडेला सतरंजीवर सुकवारोची माणसं. आजीच्या पदरात नव्या भाताची लहानशी पुरचुंडी होती, ती तिनं सोडली नव्हती. मोठे साहेब आले, लाल फटकाऱ्यापुढे वाकले, त्यावरचं कुंकू बोटानं कपाळाला लावून घेतलं आणि माइकवर म्हणाले, “जब तक मैं यहाँ हूँ, इस पेड़ को कोई हाथ नहीं लगाएगा. शेड उधर से मोड़ देंगे.”

टाळ्या. मग भय्यासाहेब उठले. भय्यासाहेब भाषणाला उठले की आमच्याकडे बाया विणकाम काढत. “हे स्थान,” ते गरजले, “अनादि काळापासून जागृत आहे! आम्ही इथं येण्याच्याही कितीतरी आधीपासून! आणि इथले मूळ रहिवासी, आमचे आदिवासी बांधव, त्यांचा मान पहिला!” हे शेवटचं वाक्य साहेबांकडे पाहून होतं. साहेबांनी मान डोलावली. भय्यासाहेबांनी अजून दोनदा म्हटलं.

“आता आभारप्रदर्शन,” असं कुणीतरी पुकारलं आणि ठरल्याप्रमाणे मंडळी उठली. चपलांची शोधाशोध सुरू झाली. सुकवारो माइकपुढं उभी राहिली.

“बसा,” ती म्हणाली. “चहा अजून उकळला नाही. मी पाहून आले.”

लोक बसले. इतकी खात्रीची बातमी त्या सकाळी व्यासपीठावरून पहिल्यांदाच मिळाली होती.

“साहेबांचे आभार. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, झाडाला कोणी हात लावणार नाही. साहेबांची जबान आहे, फिरत नसते.” साहेबांनी मान डोलावली. “भय्यासाहेबांचे आभार. आजवर ते म्हणायचे, आम्ही आलो तेव्हा इथं काहीच नव्हतं. आज पहिल्यांदा म्हणाले, होतं. आणि आमचा मान पहिला, हे तर तीनदा म्हणाले.” मागं कुणीतरी खुसखुसलं. भय्यासाहेबही हसले, कारण अजून त्यांना कळलं नव्हतं.

“आता एक आभार राहिले. तो मुकादम, तिकडे मागं उभा आहे. हा लाल रंग त्यानं लावला. कापायच्या झाडाला लावतात तो.”

एवढं बोलून ती थांबली. तोवर काही मंडळी पुन्हा चपला शोधायला उठली होती. एक गृहस्थ एक पाय चपलेत आणि एक पाय हवेत असे उभे होते.

“तुम्ही रंगाला हात जोडले,” सुकवारो म्हणाली. “आम्ही झाडाला जोडतो. रंग एका पावसात जाईल, मग तुम्ही पण जाल. म्हणून आज सांगते. हा मारुती नाही. हा बडादेव आहे. त्याला छप्पर नाही चालत. माझ्या आजीकडे नवा भात आहे, तो त्याला दाखवायचा आहे. आता तुम्ही सांगा. झाड रंगासाठी ठेवत होते, तर साहेब, उद्या कापून टाका. देवासाठी ठेवत होते, तर ते टिना काढा.”

मंगलूकाकानं गमछा तोंडात कोंबला होता. साहेबांचा हात हळूच कपाळावरच्या टिळ्याकडे गेला आणि तिथंच थांबला, पुसावा की राहू द्यावा या विचारात. भय्यासाहेब माइककडे धावले. “वेळेअभावी... वेळेअभावी...” यापुढचं वाक्य त्यांना आठवेना.

आणि सत्यभामाबाई उठल्या.

सगळी कॉलनी त्यांच्याकडे वळली. कारण पहिलं कुंकू त्यांचं, स्वप्न त्यांचं, दीरही त्यांचाच. कापायच्या खुणेची पूजा केली हे कबूल करायचं म्हणजे पुढची निदान दोन हळदीकुंकवं घरात बसून काढायची. त्या झाडापाशी गेल्या, फटकाऱ्याकडे पाहिलं, मग मुकादमाकडे.

“काय रे, तू लावला हा?”

“जी, माताजी.”

“कोणाच्या सांगण्यानं?”

“ठेकेदार के.”

“आणि ठेकेदाराला कोणी सांगितलं होतं?”

मुकादमानं मोठ्या साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी कारखान्याच्या चिमणीकडे पाहिलं. चिमणीला पाहायला कुणी नव्हतं.

सत्यभामाबाई वळल्या. बोलल्या मात्र अशा, की मी त्यांच्याबद्दल आजवर केलेल्या सगळ्या चहाड्या त्यांना माफ करून टाकल्या. “म्हणजे कापायला निघालेल्यांच्याच हातानं देवानं आपली खूण करून घेतली! आणि आम्हा बायांना पुढं घालून स्वतःला वाचवून घेतलं! याहून जागृत देव असतो का हो कुठं?” मग सुकवारोकडे, “काय नाव म्हणालीस गं देवाचं?”

“बडादेव.”

“हां. तर आमचा मारुती त्याचा पाहुणा समज. आणि पाहुण्यानं यजमानाच्या घरावर छप्पर घालायचं नसते. अहो! ऐकून राहिले ना? काढा ते टिना!”

अध्यक्ष बोलले होते. साध्या सभासदानं आपल्या हातानं पत्रे उतरवायला घेतले.

चांदीचे डोळे निघाले. आजी पुढं आली, पुरचुंडी सोडली, झाडाखाली नवा भात ठेवला. मग कोंबडा आला आणि मोहाची बाटली आली, कारण बडादेवाला ते लागतं. सुकवारोनं पुन्हा माइक घेतला. “प्रसाद आहे. एका पंगतीत बसायचं. ज्याला बसायचं त्यानं बसा.” निम्म्या कॉलनीला एकदम आठवलं की गॅलरीत कपडे वाळत घातले आहेत. उरलेल्या निम्म्यांना, त्यात भजनीमंडळाचा पेटीवाला आणि तबलजी दोघंही, एकाएकी उमगलं की त्यांचं घराणं मुळापासून बडादेवाचं भक्त आहे. मोहाची बाटली तिथवर पोचल्यावर एकानं तर अभंगसुद्धा सुरू केला.

शेड मुकाट्यानं वळवली गेली. तिच्या भिंतीला झाडापाशी कोपर काढावं लागलं. नवे इंजिनियर येतात आणि विचारतात, ही भिंत अशी वाकडी काहून? मग कुणीतरी त्यांना झाडाखाली बसवून गोष्ट सांगतो, आणि इंजिनियर नवा असला तरी शहाणा असेल तर कोपर सरळ करायच्या गोष्टी बंद करतो.

एकाहत्तरच्या लढाईपर्यंत सुकवारो वर्क्स कमिटीत निवडून आली होती. तिच्याविरुद्ध उभे राहिलेले गृहस्थ प्रत्येक सभेत आधी बोलले आणि ती शेवटी. एवढंच कारण. तिच्या लोकांतली तरणी पोरंपोरी सुट्टीच्या दिवशी त्या झाडाखाली बसून बोलायला शिकायची. एकेकाची आशा मोठी. कुणाला मास्तर व्हायचं, कुणाला तहसीलदार, एकीला तर थेट त्या समदर्शी सुपरवायझरच्या खुर्चीवर बसायचं होतं. बसली पण. आल्या आल्या तिनं त्याला त्याच्या नावानं हाक मारली. तो उठून उभा राहिला म्हणतात.

भय्यासाहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांचा मोठा निरोप समारंभ ठेवला. कार्यक्रम त्यांनी स्वतःच आखला. स्वागत, प्रास्ताविक, गौरव, सत्कार, मानपत्र, सत्काराला उत्तर. आभारप्रदर्शन नाही. “वेळेअभावी गाळलं,” असं त्यांनी मला पानाचा डबा उघडत सांगितलं. उत्तर अर्थातच त्यांचं, आणि वेळ मात्र पुष्कळ घेतला. शेवटी ते म्हणाले, “कार्यक्रम संपला, असं मी जाहीर करतो.”

कुणी उठलं नाही. कुणी चप्पल शोधली नाही. सगळ्यांच्या माना हळूहळू शेवटच्या रांगेकडे वळल्या, जिथं सुकवारो बसली होती.

“माझ्याकडे काय पाहून राहिले?” ती म्हणाली. “चहा झाला आहे.”

तरी कुणी हलेना. पहिल्या रांगेत बसलेल्या सत्यभामाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. भय्यासाहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं. “बोल बाई,” ते म्हणाले, “एकदाचं बोलून टाक.”

सुकवारो उभी राहिली. पदर सारखा केला. “भय्यासाहेबांची मी अत्यंत ऋणी आहे,” ती म्हणाली आणि खाली बसली.

बस्स. तेवढंच. लोक उठले, चपला सापडल्या, चहा आला. भय्यासाहेब मात्र कप हातात धरून माझ्या मागं मागं फिरत होते. त्यांचा चहा पार गार झाला तरी विचारत होते, “अरे, पण पुढं काय म्हणणार होती ती?”